जीपचा जुना पुढचा ॲक्सल : बसविण्यापूर्वी काय तपासावे?



ज्यांच्या वाडीपर्यंत डांबरी रस्ता पोहोचलेला नाही आणि भर पावसातही रोज दूध संकलन केंद्रावर न्यावे लागते, त्यांच्या घरी फोर-व्हील जीप हे नांगर-कुळवाइतकेच गरजेचे अवजार असते. जव्हार-मोखाडा, भोर, पाटण, आजरा, चंदगड अशा डोंगरी भागांत जुन्या जीपगाड्या आजही खताच्या गोण्या, भाजीपाला आणि दुधाचे कॅन वाहत आहेत. यांतील बरीच मॉडेल केव्हाच बंद झाली. मारुती जिप्सीची सर्वसाधारण ग्राहकांसाठीची विक्री थांबूनही काही वर्षे लोटली आहेत. अशा गाडीचे क्राऊन-पिनियन गेले किंवा ॲक्सलच्या हाऊसिंगला तडा गेला, की नवा भाग वेळेवर मिळत नाही आणि मिळालाच तर परवडत नाही. मग तालुक्याच्या भंगारवाल्यापासून ते मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या मालाच्या बाजारापर्यंत फिरणे आले.

जुना भाग वापरण्यात गैर काहीच नाही. चांगल्या पोलादाचे आणि वेळच्या वेळी तेल मिळालेले क्राऊन-पिनियन गाडीच्या पत्र्यापेक्षा जास्त टिकते. परंतु बहुतेक जण दुकानात दातांवरून बोट फिरवतात, ‘माल बरा दिसतो’ म्हणतात आणि पैसे मोजतात. फोर-व्हील गाडीच्या बाबतीत एवढ्याने भागत नाही. पुढचा ॲक्सल कितीही निर्दोष असला तरी मागच्या ॲक्सलशी त्याचे प्रमाण जुळत नसेल, तर त्या गाडीपुरता तो नादुरुस्तच समजावा. म्हणून जुळणी आधी व झीज नंतर, या क्रमाने तपासणी करावी. येथे पुढे-मागे अखंड ॲक्सल आणि मध्ये ट्रान्स्फर केस असलेल्या जुन्या घडणीच्या जीपचा विचार केला आहे. फोर-व्हील ट्रॅक्टरबद्दलची माहिती लेखात पुढे दिली आहे.

गुणोत्तर मोजण्याची रीत

क्राऊनच्या दातांना पिनियनच्या दातांनी भागले असता जो आकडा येतो त्याला गुणोत्तर किंवा रेशो म्हणतात. क्राऊनला ४३ आणि पिनियनला ८ दात असल्यास रेशो ५.३८ येतो. ३९ व ८ दातांचा जोड ४.८८ चा, तर ४७ व ११ दातांचा ४.२७ चा. जीपच्या घराण्यात हे तिन्ही जोड आढळतात. एकाच नावाच्या मॉडेलमध्येही सालाप्रमाणे रेशो बदललेला असू शकतो. शिवाय आपल्या आधीच्या मालकाने मागचा जोड बदलून घेतला असेल तर ते कोणत्याच पुस्तकात सापडणार नाही. म्हणून बाजारात जाण्यापूर्वी स्वतःच्या गाडीचा मागचा रेशो प्रत्यक्ष मोजून कागदावर लिहून न्यावा.

मोजणीसाठी मागचे एकच चाक उचलावे लागते. येथे एक धोका आहे, तो नीट लक्षात घ्यावा. जुन्या जीपमध्ये हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फर केसच्या मागे असतो व तो चाकाऐवजी प्रोपेलर शाफ्टला धरतो. मागचे एक चाक अधांतरी झाले की डिफरन्शियलमुळे ते उलटे फिरू शकते आणि जमिनीवरच्या चाकावर गाडी सरकते, मग हँडब्रेक कितीही घट्ट ओढलेला असो. तेव्हा सपाट जागा निवडावी, जमिनीवरच्या तिन्ही चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, आणि जॅकवर विसंबून न राहता ॲक्सलखाली भक्कम घोडी द्यावी. एवढे झाल्यावरच हँडब्रेक सोडावा. गिअर न्यूट्रलमध्ये व फोर-व्हीलचा दांडा सुटलेला असावा. इंजिन बंदच ठेवावे. एक चाक उचललेले असताना फोर-व्हील टाकून इंजिन चालू केले, तर बाकीची चाके गाडी घोडीवरून खाली ओढतात.

आता टायरवर आणि प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर खडूने खूण करावी. एकाने चाक हळूहळू फिरवावे, दुसऱ्याने शाफ्टचे फेरे मोजावेत. दुसरे चाक जमिनीवर थांबलेले असल्याने उचललेल्या चाकाचे दोन फेरे झाल्यावर क्राऊनचा एकच फेरा होतो, हे विसरू नये. अनेकांचा हिशेब येथेच चुकतो. चाकाचे दोनच फेरे घेतले तर अपूर्णांक नीट कळत नाही, म्हणून दहा फेरे घ्यावेत. दहा फेऱ्यांत शाफ्टचे जवळजवळ २७ फेरे झाले तर रेशो ५.३८ आहे. साडेचोवीसच्या किंचित आत झाले तर ४.८८, आणि एकवीस व एकतृतीयांशच्या आसपास झाले तर ४.२७ समजावा. वेगळा आकडा आल्यास शाफ्टच्या फेऱ्यांना पाचाने भागावे.

दुकानात पडलेल्या ॲक्सलवरही हीच रीत चालते. एका बाजूचा हब सहकाऱ्याने घट्ट धरावा, दुसरा हब दहा वेळा फिरवावा आणि पिनियनच्या जोडाचे फेरे मोजावेत. हबवर लॉक-फ्रीची सोय असेल तर ती आधी लॉकवर आणावी. झाकण उघडलेले असेल तर सरळ दात मोजावेत. दुकानदाराने तोंडी सांगितलेला रेशो मात्र खरा धरू नये. तो खोटेच बोलतो असे नाही, बहुतेक वेळा त्यालाही माहीत नसतो.

फरक थोडासा असला तर काय बिघडते, असे विचारले जाते. त्याचा हिशेबच पाहा. टायरच्या एका फेऱ्यात गाडी २.२ मीटर पुढे जाते असे धरू. एका किलोमीटरला चाकाचे सुमारे ४५५ फेरे होतात. मागे ५.३८ चा जोड असेल तर मागच्या शाफ्टला साधारण २,४४५ फेरे घ्यावे लागतील. पुढे ४.८८ चा जोड बसविला असेल तर पुढच्या शाफ्टला सुमारे २,२२० च हवेत. फोर-व्हील टाकल्यावर ट्रान्स्फर केस दोन्ही शाफ्ट एकमेकांना पक्के बांधते, त्यामुळे दर किलोमीटरला सव्वादोनशे फेऱ्यांची ही तफावत कुठेतरी निघालीच पाहिजे. चिखलात ती टायर घसरून निघून जाते, म्हणून पहिले काही दिवस काहीच जाणवत नाही. कठीण मुरमावर किंवा घाटातल्या खडीवर टायर घसरत नाहीत, तेव्हा शाफ्टमध्ये पीळ भरत जातो. दांडा अडकून बसतो, फोर-व्हील सुटत नाही, आणि अखेर यू.जे. क्रॉस, ॲक्सल शाफ्ट किंवा ट्रान्स्फर केसमधला गिअर यांपैकी जो कमजोर असेल तो तुटतो. भरलेली गाडी चढावर असताना शाफ्ट तुटणे म्हणजे काय, हे डोंगरातल्या माणसाला सांगायला नको. त्यात वर सांगितल्याप्रमाणे जुन्या जीपचा हँडब्रेकही शाफ्टवरच अवलंबून असतो. मागचा शाफ्ट तुटला तर तोही निकामी होतो.

रेशो जुळल्यावर बाकीची मापे टेपने घ्यावीत : दोन्ही पाट्यांच्या बैठकांमधील अंतर, हब ते हब रुंदी, चाकाच्या बोल्टांची संख्या व वर्तुळ, ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनचे दात. डिफरन्शियलचा फुगवटा ट्रान्स्फर केसमधून पुढचा शाफ्ट ज्या बाजूने निघतो त्याच बाजूला असला पाहिजे. तो विरुद्ध बाजूला असेल तर तो ॲक्सल आपल्या कामाचा नाही.

न धुतलेला माल आधी पाहावा

पुष्कळ दुकानांत भाग डिझेलने धुऊन, वर काळा रंग मारून ठेवतात. गिऱ्हाइकाला ते बरे वाटते, पण आतल्या तेलाने जी हकिकत सांगितली असती ती त्याबरोबर वाहून जाते. शक्य असेल तर मळका, तेल न काढलेला ॲक्सल पाहावा आणि तेल आपल्यासमोर काढायला सांगावे. तेल काळे असले तरी हरकत नाही. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरलेले आहे. बोटावर चोळल्यावर चंदेरी चकाकी राहिली तर बेअरिंग किंवा दात झिजत होते. तळाच्या गाळात लोहचुंबक फिरवावे. बारीक काळसर लोणी चिकटले तर ती नेहमीची झीज असते. टोकदार कण किंवा खपल्या निघाल्या तर जोड पूर्ण उघडल्याशिवाय किंमत बोलू नये.

पुढच्या ॲक्सलची एक खास खोड आहे. पुष्कळ गाड्यांत फोर-व्हील वर्षातून दोन-तीन महिनेच वापरतात, त्यामुळे क्राऊनचा तेलात बुडालेला खालचा भाग चांगला राहतो आणि वरचा उघडा भाग गंजतो. म्हणून क्राऊन पूर्ण एक फेरा फिरवून प्रत्येक दात पाहावा. वरवरचा तांबूसपणा कापडाने पुसला जात असेल तर चालेल. गंजाने खड्डे पडले असतील व नख अडकत असेल, तर ते दात लवकरच सोलले जातात.

त्यानंतर पिनियन एकाने धरून ठेवावा व एक हब फिरवावा. दुसरा हब उलट दिशेने फिरला पाहिजे. फिरला नाही आणि दोन्ही बाजू जखडल्यासारख्या वाटल्या, तर आतले छोटे गिअर कोणीतरी वेल्डिंगने जाम केलेले असण्याचा संभव आहे. शर्यतीच्या किंवा निव्वळ चिखलात चालवायच्या गाडीसाठी असे उद्योग केले जातात. पुढच्या ॲक्सलमध्ये असे डिफरन्शियल असल्यास फोर-व्हीलमध्ये गाडी वळवताना स्टिअरिंग हातात राहत नाही. तो ॲक्सल घेऊ नये.

दात, बेअरिंग आणि नंबर

पिनियनचा जोड हाताने धरून वर-खाली हलवावा. जरासाही लटपटला तर पिनियनचे बेअरिंग गेले आहे. फिरवताना होणारी थोडी टकटक मात्र स्वाभाविक आहे, कारण क्राऊन आणि पिनियनच्या दातांत खेळ हवाच. तो डायल गेजने क्राऊनच्या दातावर मोजतात. या आकाराच्या जोडात तो साधारणतः ०.१० ते ०.२५ मिलिमीटर असतो, नेमका आकडा त्या मॉडेलच्या दुरुस्ती पुस्तिकेतून घ्यावा. एकाच ठिकाणी मोजून थांबू नये. क्राऊनवर चार-पाच ठिकाणी मोजावे. या मोजमापांत ०.०८ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर क्राऊन वाकडा फिरतो आहे, म्हणजे त्याची बैठक किंवा बोल्ट तपासावे लागतील.

दात पाहताना उजेड तिरपा पाडावा. तुटलेला, कोपरा उडालेला, निळसर पडलेला किंवा टोकाला धार आलेला एकही दात असेल तर जोड नापसंत करावा. बाकीचे दात चांगले आहेत हा युक्तिवाद येथे चालत नाही, कारण तो एक दात प्रत्येक फेऱ्याला भाराखाली येणारच. दाताच्या दोन्ही बाजू पाहणे का आवश्यक आहे तेही सांगतो. जुन्या जीपमध्ये पुढे व मागे एकाच घडणीचे जोड असतात, पण पुढे ते उलट तोंडाने बसतात. त्यामुळे गाडी पुढे जाताना मागच्या क्राऊनच्या दाताची फुगीर बाजू काम करते, तर पुढच्या क्राऊनची पोकळ बाजू. मागच्या ॲक्सलमधून निघालेला जोड पुढे बसविणार असाल तर त्याची पोकळ बाजू अधिक बारकाईने पाहावी. झिजलेली फुगीर बाजू पाहून चांगला जोड टाकून देणारे आणि उलट चूक करणारे, दोन्ही प्रकारचे लोक आढळतात.

क्राऊन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जुळविलेले असतात, म्हणून दोघांवर सारखाच जोडी-नंबर कोरलेला असतो. क्राऊनच्या कडेवर आणि पिनियनच्या तोंडावर तो शोधावा. नंबर वेगळे असतील तर एका जोडीचा क्राऊन आणि दुसरीचा पिनियन आहे. असा जोड दातांची संख्या बरोबर असूनही ओरडतो आणि काही दिवसांत दात खातो.

पिनियनच्या तोंडावर याखेरीज अधिक किंवा उणे चिन्हाचा एक लहान आकडाही असतो, उदा. +२ किंवा −१. हा हजारांश इंचातला फरक आहे, आणि एक हजारांश इंच म्हणजे सुमारे ०.०२५ मिलिमीटर. जीपच्या घडणीच्या ॲक्सलमध्ये पिनियनच्या आतील बेअरिंगच्या बाहेरील रिंगमागे पातळ शिम पत्र्या असतात. जुन्या पिनियनवर +२ आणि नव्याने घेतलेल्यावर −१ असेल, तर शिमची जाडी ३ हजारांश इंचाने वाढवावी. उलट असेल तर तितकीच कमी करावी. हे गणित केवळ सुरुवातीचा अंदाज देते. सुटा जोड घेण्यापेक्षा हाऊसिंगसकट भरलेला ॲक्सल घेणे आम्हाला जास्त पसंत आहे, ते यामुळेच. त्यात जोड ज्या हाऊसिंगमध्ये वर्षानुवर्षे चालला त्यातच राहतो. सुटाच घ्यायचा असेल तर जुन्या मालातल्या सर्व शिम डाव्या-उजव्या बाजूच्या वेगवेगळ्या तारेत ओवून सोबत मागून घ्याव्यात. दुकानदाराला त्यांची किंमत वाटत नाही.

बैठक बरोबर झाली का, हे पाहण्याची मेस्त्री लोकांची जुनी पद्धत शेंदराची आहे. शेंदूर तेलात दाटसर कालवून क्राऊनच्या सहा-सात दातांवर पातळ लावावा, क्राऊनला लाकडाच्या तुकड्याने थोडा अडसर द्यावा आणि पिनियन दोन्ही दिशांना फिरवावा. दातावर जेथे शेंदूर पुसला जातो तेथे दात टेकतो आहे. हा ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर असावा. तो दाताच्या माथ्याकडे गेला असेल तर पिनियन क्राऊनपासून लांब आहे, मुळाशी गेला असेल तर फार जवळ. वापरलेल्या जोडाचा ठसा नव्यापेक्षा लांबट येतो, त्याने घाबरू नये, मात्र तो कडेवरून बाहेर पडता कामा नये. शेंदरात शिसे असते. काम झाल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय तंबाखू मळू नये की भाकरीला हात लावू नये.

बेअरिंग आणि ऑईल सील जुनी कितीही चांगली दिसली तरी नवीनच घालावीत. ॲक्सलच्या मानाने त्यांचा खर्च थोडा असतो.

हाऊसिंग आणि शाफ्ट

भरलेल्या गाडीने खड्ड्यात आपटलेला ॲक्सल डोळ्यांना सरळ दिसतो आणि आतून वाकलेला असतो. शाफ्ट काढून दोन्ही बाजूंनी परत आत सरकवून पाहावेत. ते आधार न देता मध्यावर स्प्लाइनमध्ये गेले पाहिजेत. ढकलावे लागत असतील किंवा फिरवताना एका ठिकाणी अडत असतील तर नळी वाकली आहे. वाकलेली नळी गरम करून ठोकून सरळ करून देतो असे कोणी म्हणाले तर नकार द्यावा.

तड्यासाठी डिझेल-खडूची परीक्षा घरीही करता येते. वेल्डिंगच्या सांध्यांवर आणि पाट्यांच्या बैठकांजवळ डिझेल लावावे, पंधरा-वीस मिनिटांनी ते कोरडे पुसून घ्यावे आणि खडूची पूड चोळावी. तडा असेल तर आत मुरलेले डिझेल वर येते व पांढऱ्या पुडीत ओली रेघ उमटते. हे काम बिडी-काडीपासून लांब, उघड्यावर करावे.

ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनवर लोखंडी पट्टी टेकवावी. स्प्लाइनच्या रेघा पट्टीला समांतर हव्यात. त्यांना पीळ पडलेला दिसला तर शाफ्ट एकदा मरणाच्या दारातून परत आलेला आहे, दुसऱ्यांदा येणार नाही. स्टिअरिंगच्या टोकाशी असलेला क्रॉस किंवा गोळ्यांचा जॉइंट हाताने सर्व बाजूंना वळवून पाहावा. अडखळला तर तो बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करावा.

फोर-व्हील ट्रॅक्टर असल्यास

ट्रॅक्टरची पुढची चाके लहान व मागची मोठी असल्याने तेथे पुढचा-मागचा रेशो सारखा नसतो. पुढची चाके मागच्यांपेक्षा किंचित जास्त वेगाने जमीन ओढावीत अशी रचना असते. या आघाडीला लीड म्हणतात व ती साधारण १ ते ५ टक्के असावी लागते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या मॉडेलचा पुढचा ॲक्सल बसविला, किंवा टायरचे माप बदलले, तर लीड बिघडते.

मोजणी शेतातल्या भुसभुशीत रस्त्यावर करावी, डांबरावर कधीही करू नये. चारही टायरमध्ये योग्य हवा भरून मागच्या व पुढच्या चाकावर चुन्याने खूण करावी. फोर-व्हील टाकून मागच्या चाकाचे दहा फेरे होईपर्यंत ट्रॅक्टर सावकाश सरळ चालवावा आणि पुढच्या चाकाचे फेरे मोजावेत. मग फोर-व्हील काढून हेच परत करावे. समजा पहिल्या वेळी १५.६ आणि दुसऱ्या वेळी १५.१ फेरे झाले, तर फरक ०.५ चा. त्याला १५.१ ने भागून शंभराने गुणले की ३.३ टक्के लीड आली, ती ठीक आहे. फरक शून्याच्या खाली गेला तर पुढची चाके ओढण्याऐवजी ब्रेकसारखी अडतात. पाचाच्या फार वर गेला तर पुढचे टायर झिजतात आणि पुढच्या गिअरवर विनाकारण भार येतो.

कागदपत्रे आणि पहिली फेरी

भाग ज्या गाडीतून निघाला तिचा नोंदणी क्रमांक लिहिलेली पावती मागावी. चोरीच्या गाडीचे सुटे भाग बाजारात येतात, आणि पावती नसेल तर त्रास घेणाऱ्याला होतो. टू-व्हील जीपला नव्याने पुढचा ड्राइव्ह ॲक्सल बसवून फोर-व्हील करणार असाल, तर तो मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खालचा फेरबदल ठरू शकतो. काम सुरू करण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

ॲक्सल बसविल्यावर पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचे नवे गिअर ऑईल पातळीपर्यंत भरावे. पहिली फेरी रिकाम्या गाडीने, मऊ रस्त्यावर, फोर-व्हील टाकून चार-पाच किलोमीटरची करावी. थांबल्यावर डिफरन्शियलच्या फुगवट्याला आधी झटकन बोट लावून पाहावे, मग तळहात ठेवावा. हात ठेवता येईल इतपत कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल तर बेअरिंग जास्त आवळले गेले आहे किंवा तेल कमी आहे, तशीच गाडी पुढे चालवू नये. पाटे आवळणारे यू-बोल्ट व झाकणाचे बोल्ट या फेरीनंतर पुन्हा आवळावेत. पाचशे किलोमीटरनंतर तेल काढून एकदा स्वच्छ भांड्यात उन्हात धरून पाहावे, आणि त्या वेळीही लोहचुंबक सोबत ठेवावे.